जिवंत माणूस सपाट चित्रासारखा कसा रंगवतात? (माझा पहिला प्रयोग फसला)

रंगपेटी
नमस्कार मंडळी. गेला महिनाभर एकाच गोष्टीनं डोकं व्यापलंय, म्हणून हा धागा.

अलेक्सा मीड या अमेरिकन चित्रकर्तीचं काम तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ती माणसाचं चित्र कॅनव्हासवर काढत नाही, थेट माणसावरच काढते. चेहरा, केस, शर्ट, हात, मागची भिंत, सगळ्यावर ॲक्रिलिक रंगाचे फटकारे. मग फोटो काढला की समोर जिवंत माणूस न दिसता कुणीतरी रंगवलेलं व्यक्तिचित्र दिसतं. वॉशिंग्टनच्या मेट्रोत बसलेल्या एका रंगवलेल्या माणसाचा तिचा फोटो आहे. बाकीचे प्रवासी खरेखुरे, आणि त्यांच्यात एक चित्र प्रवास करतंय. मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला याची गणती नाही.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे, त्यात 'जिवंत चित्र' करायचं मनात आहे. रंगीत तालीम म्हणून गेल्या रविवारी नववीतल्या भाच्याला हॉलमध्ये खुर्चीवर बसवला आणि पोस्टर कलरनं रंगवला. नाकाच्या बाजूला तपकिरी, गालावर पिवळी माती, कपाळावर पांढरा. कडा बोटानं छान मिसळल्या. दीड तास लागला. आणि फोटोत काय आलं? धुळवड खेळून आलेला मुलगा. चित्र अजिबात नाही. शिवाय रंग वाळल्यावर तो हसला की गालावर तडे.

कुठे चुकलं? आणि दुसरं, याला चित्रकला म्हणायचं की ही निव्वळ कॅमेऱ्याची करामत?

मलमपट्टी
रंगपेटीताई, चुकलं कुठे ते चित्रकार सांगतील. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, तेव्हा आधी माझं ऐका. पोस्टर कलर आणि ट्यूबमधले ॲक्रिलिक मुलांच्या चेहऱ्यावर लावू नका. ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिकचा पापुद्रा होतो, लव आणि भुवयांना धरून बसतो, काढताना कातडी ओढली जाते. काही चित्रकारी रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात. ते कागदासाठी ठीक आहेत, गालासाठी नाहीत.

चेहऱ्यासाठी म्हणून बनवलेले पाण्यात कालवायचे रंग मिळतात, तेच घ्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास बघा. खाज, लाली, पुरळ यांपैकी काही दिसलं तर त्या मुलाला रंगवायचं नाही. पापणीच्या कडेला ब्रश नेऊच नका.

कढीपत्ता
भाच्याचा फोटो टाका ना! आणि त्याला आता व्यक्तिचित्राचा भाव चढला असेल, फ्रेम करून भिंतीवर लावला तरी खिळ्यावरून उतरून चिवडा मागेल.

खडूफळा
ताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. 'कडा बोटानं छान मिसळल्या.' तिथेच घात झाला.

माणसाच्या चेहऱ्यावर उजेडातून सावली येते ती सायीसारखी हळूहळू. गालाची गोलाई आपल्याला त्या हळूहळूपणामुळेच कळते. चित्रात काय असतं? चित्रात फटकारा असतो. एक उजळ तुकडा, त्याला लागून मध्यछटेचा तुकडा, त्याला लागून गडद तुकडा, आणि प्रत्येकाची कड दिसते. तुम्ही कडा मिसळल्यात म्हणजे रंगभूषा केलीत. मीडबाई कडा शिल्लक ठेवतात. म्हणून पाहणाऱ्याचा मेंदू म्हणतो, हा गाल नव्हे, हा ब्रशचा फटकारा आहे.

दुसरं, रंग अपारदर्शक हवा. कातडीची स्वतःची एक ओलसर चमक असते आणि तिच्या आतून रक्ताचा रंग वर येतो. ते पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. एक कान जरी तसाच राहिला तरी तो कान अख्खं चित्र उघडं पाडतो.

आपण शिकलो ते उलटं होतं. सपाट कागदावर खोली आणायची, बघणाऱ्याला फसवायचं. प्राचीन ग्रीसमधल्या दोन चित्रकारांची गोष्ट प्लिनीनं लिहून ठेवली आहे. झ्यूक्सिसनं काढलेली द्राक्षं टिपायला पक्षी आले. मग तो ऐटीत पारेसियसला म्हणाला, तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर, आणि कळलं की तो पडदाच चित्र होता. दोन हजारांहून जास्त वर्षं चित्रकार त्या पडद्याच्या मागे लागलेत. ही बाई खरा पडदा घेऊन तो चित्रासारखा दाखवते आहे.

रंगपेटी
सर, कान तसाच होता. मानही. आणि मागे फिकट हिरव्या डिस्टेंपरची भिंत, तिच्यावर स्विचबोर्ड!

नेपथ्य
पार्श्वभूमी रंगवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण मी तीस वर्षं नाटकांचे सेट लावतोय, तेव्हा उजेडाबद्दल बोलतो.

ताई, तुमच्या हॉलमध्ये ट्यूब वर होती ना? म्हणजे भाच्याच्या भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली खऱ्या सावल्या पडल्या. तुम्ही रंगवलेल्या सावल्या नाकाच्या बाजूला. एका चेहऱ्यावर दोन प्रकारच्या सावल्या झाल्या की चित्र मेलंच.

जुन्या संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर बंधूंचं नाव त्या कामात फार मोठं. राजवाडा, बगीचा, रस्ता, सगळं कापडावर, आणि प्रेक्षकाला वाटावं की आत चालत जाता येईल. त्या पडद्यांचा एकच शत्रू. नट बोलता बोलता मागे सरकला की त्याची सावली आकाशावर पडायची. एकदा आकाशावर माणसाची सावली दिसली की ते आकाश राहत नाही, कापड होतं. मी हे पंधरा वर्षांचा असताना विंगेतून पाहिलंय आणि अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून माझा सल्ला असा. समोरून दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ उजेड. दिव्यापुढे बटर पेपर किंवा पांढरं सुती कापड. माणूस पडद्यापासून चार-पाच फूट पुढे. खऱ्या सावल्या जवळजवळ पुसून टाका आणि मग तुमच्या सावल्या रंगवा.

खडूफळा
नेपथ्यराव, इथे मात्र मी वेगळा. मीडची सुरुवातच खऱ्या सावलीपासून झाली. उन्हात पडलेल्या सावलीवर काळा रंग दिला तर ती कशी दिसेल, हे कुतूहल. मग मित्राला उभा करून त्याच्या अंगावरच्या सावल्या रंगवल्या, त्यानंतर उजळ भाग. म्हणजे खरी सावली पुसायची नाही, तिच्यावरच रंग बसवायचा. दोन्ही एकावर एक पडल्या की भांडण नाही.

नेपथ्य
सर, स्टुडिओत बरोबर. तिथे दिवा हलत नाही आणि मॉडेल शहाणं असतं. शाळेच्या स्टेजवर नववीतलं पोर दोन इंच मान वळवणार, खरी सावली सरकणार, रंगवलेली तिथेच राहणार. मग?

काळवीट
या वादात प्राण्यांना आणू का? ॲबट थायर नावाचा अमेरिकन चित्रकार होता. त्यानं १८९६ साली पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं की बहुतेक प्राणी पाठीवर गडद आणि पोटाकडे फिके असतात, त्यामागे कारण आहे. उजेड वरून येतो. पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि त्या फरकामुळे प्राणी गोल, भरीव दिसतो. पाठ आधीच गडद आणि पोट आधीच पांढरं असेल तर उजेडानं केलेला फरक रंग खोडून काढतो. प्राणी सपाट दिसतो आणि मागच्या गवतात विरघळतो. हे सुचायला चित्रकाराचाच डोळा हवा होता.

रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात दुपारच्या उन्हात काळविटाच्या माद्या पाहिल्या होत्या, अगदी शंभर पावलांवर. बसल्या की गवत आणि त्यांच्यात फरक कळेना. एकीनं कान हलवला तेव्हा कुठे सात माद्या मोजता आल्या.

तर नेपथ्यरावांची रीत थायरच्या जवळची, सावली खोडायची. खडूफळा सरांची रीत मीडची, सावलीला रंगात अडकवायचं. माणूस दोन्हींनी सपाट होतो.

बोंबील_फ्राय
म्हणजे आमचो बांगडो पण चित्रकारच! पाठ काळी-निळी, पोट चांदीसारखा.

काळवीट
अगदी. आणि ताटात आडवा पडला की उजेडाची दिशा बदलते, म्हणून तिथे लपत नाही. :)

ऑरेंज काऊंटीकर
धागा वाचून राहवलं नाही. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. इथे लगुना बीचला दर उन्हाळ्यात 'पॅजंट ऑफ द मास्टर्स' होतं. १९३० च्या दशकापासून चालू आहे. जगप्रसिद्ध चित्रं स्टेजवर उभी करतात आणि चित्रातली माणसं म्हणजे खरी माणसं, बहुतेक सगळे गावातले स्वयंसेवक. शेवट ठरलेला, लिओनार्दोचं शेवटचं भोजन.

उघड्यावरचं प्रेक्षागृह, डोंगराच्या कुशीत. अंधार होतो, निवेदन चालू होतं, फ्रेममध्ये उजेड येतो आणि समोर चित्र. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, 'अगं, हे तर छापील आहे, माणसं कधी येणार?' मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी एका बाईच्या पोटाकडे रोखली, श्वासाबरोबर ते वर-खाली होत होतं, आणि त्यांनी माझा हातच घट्ट धरला. दीड मिनिटभर माणसं हलत नाहीत, मग उजेड जातो.

एकदा त्यांनी एक चित्र सगळ्यांसमोर रचून दाखवलं. तेव्हा कळलं की कपडे खरे कपडे नसतात. साध्या कापडावर चुण्या, सावल्या, चमक सगळं ब्रशनं रंगवलेलं. डोक्यावर केसांऐवजी रंगवलेल्या टोप्या. चेहऱ्यावरही सावल्या रंगवलेल्या. आणि उजेड असा की कुणाचीही सावली मागे पडत नाही. म्हणजे नेपथ्य म्हणतात तेच, निदान मोठ्या प्रेक्षागृहासाठी.

नेपथ्य
रंगवलेल्या चुण्या! ताई, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवतो आहे.

लेन्सकॅप
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. माझं स्पष्ट मत, ही छायाचित्रणाची कला आहे. आपल्याला दोन डोळे आहेत. दोघांना किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून खोली कळते. कॅमेऱ्याला एकच डोळा. रंगवलेल्या माणसाभोवती एक पाऊल फिरा, नाक नाक होतं, खेळ संपतो. फोटोशिवाय हे काम उभंच राहत नाही.

ऑरेंज काऊंटीकर
आम्ही तर फोटो न काढता, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं!

लेन्सकॅप
लांबून. अंतर वाढलं की दोन डोळ्यांमधला फरक कमी कमी होत जातो, आणि त्यात फ्रेम, अंधार आणि एका जागी बसलेला प्रेक्षक. म्हणजे प्रेक्षकालाच कॅमेरा केला. ताईंना यातून कामाची गोष्ट अशी की संमेलनात पहिल्या चार रांगा रिकाम्या ठेवा.

पेठकर
पहिल्या चार रांगांत पाहुणे आणि संस्थाचालक बसतात, लेन्सकॅप. ताईंची नोकरी राहू द्या.

बाकी जिवंत देखावे आम्हाला नवीन नाहीत. पुण्यात गणपतीत शाळकरी असताना मी दोन वर्षं मावळा होतो. ढाल धरून एका पायावर भार देऊन उभं राहायचं, निवेदन संपेपर्यंत. पण तिथे कुणी आम्हाला सपाट करत नव्हतं, उलट जितके भरदार दिसू तितकं बरं. न हलण्याचं तंत्र मात्र सांगतो. नजर एका बिंदूवर ठेवायची नाही, डोळ्यात पाणी येतं. किंचित खाली, धूसर ठेवायची. गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत, चक्कर येते. आमच्यातला एक जण असाच कोसळला होता.

सावंतवाडी_खेळणी
थोडं अवांतर. खडूफळा सरांनी 'उलटं' म्हटलं त्यावरून हळदणकर आठवले. आमच्या सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर. समई हातात धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. चाळीसच्या दशकातलं चित्र, आणि जलरंगातलं! अनेकांना ते तैलरंग वाटतं.

मी म्हैसूरला त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा बोटांकडे पाहत राहिलो. ज्योतीपुढे आडवा धरलेला हात, बोटांच्या फटींतून येणारा लालसर उजेड, म्हणजे मांसातून झिरपलेला. कागद असून रक्त दिसतं. आणि मीडच्या चित्रात रक्त असून कागद दिसतो. दोघांच्या कामाचा जीव छायाप्रकाशात आहे, पण मला हळदणकरांसमोर जे वाटलं ते मीडचे फोटो बघून वाटत नाही. चकित होतो, हलत नाही.

ओली_माती
सावंतवाडीकर, माझं याहून पुढचं आहे. मला या फोटोंचा त्रास होतो. माणसाला सपाट करायचं कशाला? आधीच जो तो पडद्यावर सपाट झालाय. तो मेट्रोतला माणूस मला एकटा वाटतो.

रंगपेटी
ओली माती, तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवत होते.

मला वाटतं तुम्हाला जो त्रास होतो तो ल्यू बोलिनच्या कामाबद्दल जास्त खरा आहे. हा चिनी कलाकार. २००५ साली बीजिंगमधलं कलाकारांचं सोजिया गाव सरकारनं पाडलं. त्यानंतर तो ढिगाऱ्यासमोर उभा राहिला, अंगावर मागच्या विटा-माती रंगवून घेऊन. माणूस दिसतच नाही, आणि ते तसंच दिसायला हवं होतं. पुढे ते काम वाढत गेलं, 'शहरात लपताना' या नावाखाली. तिथे माणूस पुसला जातो. मीड माणूस पुसत नाही, उलट त्याच्यावर इतकं रोखून पाहते की तो गर्दीतून वेगळा निघतो. मेट्रोत रोज किती माणसं आपण बघतच नाही. तो रंगवलेला माणूस मात्र सगळ्यांनी पाहिला असणार.

आणि डोळे. डोळ्यांत ती रंग घालू शकत नाही. चित्रकार बुबुळावर पांढरा ठिपका देऊन डोळा जिवंत करतो, इथे तो ठिपका खरा आहे, ओला आहे. सगळं चित्र, आणि डोळे माणसाचे. मला तिथे एकटेपण दिसत नाही, कुणीतरी आत आहे याची खात्री होते.

ओली_माती
डोळ्यांचं पटलं. बाकी अजून नाही. पण तुम्ही करून बघा, मला पाहायचं आहे.

खडूफळा
आणि ताई, सरावाची काळजी करू नका. मीडचं शिक्षण राज्यशास्त्राचं, २००९ ची पदवीधर. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. आईवडिलांच्या घरी परत येऊन तळलेल्या अंड्यावर, टोस्टवर रंग लावून शिकली. तुम्ही तर रोज खडू हातात धरणाऱ्या.

रंगपेटी
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, काल झालं. सविस्तर लिहिते.

मलमपट्टी डॉक्टर, चेहऱ्याचे रंग घेतले, चार मुलांना ठिपके लावले. एकाच्या कोपरावर लाली आली, त्याला पडद्याच्या दोरीवर नेमलं, तो खूश आहे. चेहरा शेवटी भाच्याच्या वर्गातल्या एका शांत मुलीचा निवडला. ती स्वतःहून पुढे आली होती. जुन्या वाड्यात भिंतीवर असतं तसं फेटेवाल्या आजोबांचं तैलचित्र करायचं ठरलं.

ऑरेंज काऊंटीकर ताई, तुमच्या टोप्यांवरून फेटा सुचला. जुनं सुती धोतर गुंडाळून फेटा बांधला, तांदळाच्या खळीत बुडवून उन्हात कडक केला आणि मग त्याच्यावर घड्या रंगवल्या. खऱ्या घड्या होत्याच, पण त्या सोडून वेगळ्याच जागी रंगवल्या. अंगरखाही तसाच. दोन्ही अंगापासून वेगळे असल्यामुळे पोस्टर कलर चालले.

चेहऱ्याला सव्वा तास. यावेळी बोट लावलंच नाही. सपाट ब्रश, पाच छटा वाट्यांत आधी कालवून ठेवल्या, आणि एक फटकारा दिला की हात उचलायचा. पहिली वीस मिनिटं भयंकर दिसत होतं. पिवळ्या-तपकिरी ठिगळांची गोधडी. कान, कानामागे, मान, नखं, सगळं झाकलं. मग ती पडद्यापुढे जाऊन बसली, बटर पेपर लावलेले दोन दिवे लागले, आणि मी मागे मागे चालत गेले. अकराव्या-बाराव्या रांगेपाशी एकाएकी नाक नाहीसं झालं. म्हणजे होतं, पण रंगवलेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

वादाचा निकाल विचाराल तर अर्धा-अर्धा. सपाट उजेडानं काम झालं, पण हनुवटीखाली सावली राहतच होती. तिथे खडूफळा सरांचं ऐकून त्याच सावलीवर गडद रंग बसवला, आणि ती गेली.

पेठकरकाका, नजर धूसर ठेवायला सांगितली होती. तिनं पन्नास-पंचावन्न सेकंद पापणी हलवली नाही. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना सगळं कळत होतंच, ते हसत बसले होते. मागे पालक आपापसांत बोलत होते, त्यांना वाटलं पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचाय आणि स्टेजवर फोटो ठेवलाय. मग तिनं मान वळवून सभागृहाकडे पाहिलं. मागून एक लहान मूल किंचाळलं, आणि मग सगळीकडून आवाज.

ओली माती, तिनं मान वळवल्यावर तिच्या आजी उठून उभ्या राहिल्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, 'आधी मला ती ओळखूच आली नाही, पण बघितलं तशी कळली.'

ओली_माती
वाचलं. फोटो टाका. त्यातला मान वळवल्यानंतरचा आधी.

कढीपत्ता
भाचा कुठे होता?

रंगपेटी
दिव्यापाशी. बटर पेपर दोन्ही हातांनी धरून, पूर्ण वेळ. फोटो संध्याकाळी टाकते, मुलीच्या आईला विचारून.

मलमपट्टी
रंग कशानं काढला?

रंगपेटी
आधी खोबरेल तेल, मऊ कापडानं टिपून, मग कोमट पाणी आणि साधा साबण. कानामागचा घरी जाऊन निघाला म्हणे. फेटा मात्र शाळेच्या कपाटात ठेवलाय, तो अजून कडक आहे.